बांधणी : घरच्या घरी, बेताच्या खर्चात

बहुतेक घरांच्या कपाटात एखादा पिवळट पडलेला पांढरा सुती कुर्ता किंवा फिकी ओढणी असतेच. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशा वस्त्राला नवे रूप देण्याची कला आपल्या देशात फार प्राचीन आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त राज्यश्रीच्या विवाहाचे वर्णन करताना बांधून रंगविलेल्या वस्त्रांचा उल्लेख केला आहे. कच्छ व जामनगरची बांधणी, राजस्थानची लहरिया, मदुराईची सुंगडी ही सारी याच कुळातील. थोडे साहित्य आणि एक मोकळा रविवार एवढ्यावर आपणही तिचा श्रीगणेशा करू शकतो.

तत्त्व
कापड जेथे घट्ट बांधले जाते, तेथे रंग पोहोचत नाही. सारी नक्षी ही एवढ्याच गोष्टीची किमया आहे. मूग किंवा हरभरे कापडात धरून भोवती दोरा आवळला की ठिपक्यांची वर्तुळे उमटतात. कापड तिरके गुंडाळून ठरावीक अंतरावर बांधले की लाटांसारखे पट्टे येतात.

साहित्याचे प्रमाण
सुती कापडासाठी थंड पाण्यात बसणारे रिॲक्टिव्ह रंग उत्तम. पॉलिएस्टरवर ते चढत नाहीत. म्हणून जुन्या सदऱ्याची शिवण कित्येकदा पांढरीच राहते. कोरडे कापड तोलून घ्यावे व पुढील हिशेब धरावा : पाणी कापडाच्या वजनाच्या वीसपट, मीठ कापडाइतके, धुण्याचा सोडा त्याच्या दोनपंचमांश आणि रंग शेकडा दोन ते चार. म्हणजे २५० ग्रॅम कापडास ५ लिटर पाणी, २५० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम सोडा आणि ५ ते १० ग्रॅम रंग. लाल, पिवळा व निळा एवढे तीनच रंग आणले तरी मिश्रणाने इतर छटा साधतात.

कृती
प्रथम कापड साबणाने धुऊन त्यातील खळ काढावी. मग बांधून साध्या पाण्यात भिजवावे व निथळून घ्यावे. रंग थोड्या पाण्यात कालवून बादलीतील पाण्यात मिसळावा व कापड दहा मिनिटे हलवत राहावे. नंतर कापड बाजूला काढून मीठ विरघळवावे आणि ते पुन्हा अर्धा तास बुडवावे. शेवटी त्याच रीतीने वेगळ्या पाण्यात विरघळविलेला सोडा घालून एक तास ठेवावे. सोडा पडल्यावरच रंग सुताशी कायमचा जोडला जातो. मात्र त्याच वेळी तो पाण्याशीही संयोग पावत असल्याने उरलेले द्रावण उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नसतो. यासाठी दोन-तीन वस्त्रे एकदमच रंगविणे किफायतीचे.

दोन रंग हवे असल्यास फिक्याकडून गडदाकडे जावे. आधी पांढरे ठेवायचे ठिपके बांधून पिवळा द्यावा. मग पिवळे ठेवायचे ठिपके बांधून लाल द्यावा. शेवटी थंड पाण्यात खळबळून गाठी सोडाव्यात, गरम साबणपाण्याने धुवावे व सावलीत वाळवावे. पहिले काही दिवस हे वस्त्र वेगळेच धुवावे.

दक्षता
रंगाची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये; नाकातोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे हवेत. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नयेत. सोड्यामुळे ॲल्युमिनियम खराब होते, तेव्हा प्लॅस्टिकची बादलीच बरी. तेलाचे डाग रंगाने झाकले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

खरा हिशेब
खर्च मांडताना आपण रंग, मीठ व सोडा यांचीच बेरीज करतो आणि वस्त्र स्वस्तात पडले म्हणून संतोष मानतो. या बेरजेत स्वतःची मजुरी मात्र आपण धरलेली नसते. शंभर गाठी बांधून बोटे अवघडली की कळते, अस्सल बांधणीच्या साडीत अशा हजारो गाठी असतात आणि एकेक साडी बांधण्यात महिने जातात. म्हणूनच कारागीर कित्येकदा साडी गाठींसकट विकतात. गाठी हेच तिच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र. छापील नकलेत ठिपके अगदी एकसारखे असतात, हातच्या कामात ते किंचित भिन्न असतात.

घरी जरूर रंगवावे, काटकसर जरूर करावी. पण पुढे कधी भूज किंवा जामनगरच्या बाजारात उभे राहिलो, तर भावाची घासाघीस करण्यापूर्वी आपल्या त्या शंभर गाठी आठवाव्यात. मूल्य आणि किंमत यांतील अंतर त्या शिकवितात.