खेळातल्या मोटारीची पुढची चाके

रेडिओच्या लहरींवर चालणारी मोटार म्हणजे लहान मुलांचे खेळणे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण खऱ्या मोटारीच्या सुमारे दहाव्या हिश्शाच्या या गाड्यांच्या माळरानावर शर्यती होतात. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली ‘रफ रायडर’ काढली. १९८४ साली अमेरिकेत टीम असोसिएटेडची ‘आरसी-१०’ आली. तिच्या चारही चाकांना तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर होते.

निर्णा येथे माझ्या धाकट्या भावाजवळ अशी एक गाडी आहे. तिची फक्त मागची चाके मोटारीच्या जोराने फिरतात. गावाबाहेरचा माळ मुरमाड. कन्नडमध्ये या मुरमाला गरसु म्हणतात. सुट्या खड्यांवर गाडी वळण्याऐवजी सरळ घसरत जाते आणि बांधाच्या दगडावर आदळते. पुढचा प्लॅस्टिकचा दांडा मोडला की नवा हैदराबादहून मागवायचा! तेव्हा हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही परका नाही.

सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो मागे कललेला असतो. हात सोडूनही सायकल सरळ जाते, त्यास या कलाची मोठी मदत होते. गाडीचे पुढचे चाक ज्या पिनेभोवती वळते, तिचा असाच कल म्हणजे कॅस्टर. आमच्यासारख्या गाड्यांत तो २५ अंशांच्या आसपास असतो. वाढविल्यास गाडी खाचखळग्यांतून सरळ राहते, कमी केल्यास वळणात शिरताना चटकन तोंड फिरविते. चाकाचा माथा आत झुकविणे म्हणजे कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा बाहेरच्या चाकाचा टायर पूर्ण टेकावा म्हणून एक-दोन अंश पुरेत. टायरची आतली कड लवकर झिजली, तर कॅम्बर जास्त झाला असे समजावे. दोन्ही चाकांची तोंडे किंचित बाहेर ठेवल्यास गाडी लवकर वळते, परंतु सरळ वाटेवर चुळबुळ करते.

माझ्या मते मुरमावर प्रथम हात घालावा तो स्प्रिंगला. पुढची स्प्रिंग मऊ असली की वेग कमी करताना गाडीचे नाक दबते, चाके जमीन धरतात. फार मऊ केली तर उडीनंतर पोट जमिनीला लागते. गाडी वीतभर उंचीवरून सोडून पाहावी. पुढचे दांडे जमिनीला समांतर येऊन थांबले म्हणजे उंची बरोबर. उन्हाळ्यात शॉकमधले तेल पातळ होते, म्हणून एप्रिल-मेमध्ये थोडे दाट घालावे.

एका वेळी एकच बदल करावा, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असावी. आम्ही प्रत्येक बदलाची रोजकीर्दीत नोंद ठेवतो. टायर गुळगुळीत झाले असतील तर मात्र ही सारी विद्या व्यर्थ!

गाडीवाटेच्या चेपलेल्या काळ्या मातीवर हिशेब उलटा होतो. तिथे पकड इतकी बसते की मऊ स्प्रिंगवर गाडी वळणात उलटते. म्हणून डब्यात दोन्ही जोड्या असतात: मुरमाला मऊ, काळीला कडक.