मसाल्याच्या पाकिटावर काय काय मावेल?

प्रश्न : घरगुती मसाल्यांच्या लोगोत मिरची, खलबत्ता, घराण्याचं नाव आणि स्थापनेचं वर्ष, सगळंच घालावं का?

उत्तर : मोह समजण्यासारखा आहे, पण लोगोत सगळी कहाणी मावत नाही. स्टेट बँकेचं चिन्ह पाहावं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले शेखर कामत यांनी ते घडवलं आणि 1971पासून ते वापरात आहे. निळं वर्तुळ, मधोमध छोटा गोल, त्यातून खाली उतरणारी बारीक फट. बस्स! त्यात नोटा नाहीत, तिजोरी नाही. कुणाला कुलपाचं भोक दिसतं, कुणाला नाणं. गावाबाहेरच्या रंग उडालेल्या पाटीवरही ते लांबून ओळखू येतं आणि पासबुकाच्या कोपऱ्यातही.

साधेपणा मात्र पुरेसा नसतो. अमेरिकेतल्या ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीने 2010मध्ये गडद निळ्या चौकोनातली आपली उंच, पांढरी अक्षरं काढून टाकली. त्याजागी आली काळी, सरधोपट अक्षरं आणि कोपऱ्यात चिकटवल्यासारखा निळा चौकोन. ग्राहक इतके खवळले की आठवड्याभरात जुना लोगो परत आणावा लागला. नवा लोगो वाचायला सोपा होता. पण तो कुणाचाही असू शकला असता, आणि खरी चूक तीच.

मसाल्यासाठी खलबत्ता एकटाच निवडावा, तोही घरातल्याच खलबत्त्याच्या घडणीचा. मग तो रबरी शिक्क्याएवढा, एकाच रंगात छापून पाहावा. बत्ता वेगळा दिसेना झाला, तर रेषा कमी कराव्यात. स्थापनेचं वर्ष पाकिटाच्या मागच्या बाजूला छान बसेल.