धुपाची चिमूट



इ. स. 112 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातील रोमन सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची चौकशी केली. हे लोक पहाटे जमत आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेत, एवढेच त्याला आढळले. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप वाहिला की सुटका. तीनदा विचारूनही ‘ख्रिस्ती’च म्हणणाऱ्या अनेकांना देहदंड झाला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या. ‘बौद्ध’ म्हणवणाऱ्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 पर्यंत मिळाल्या नाहीत. तरी आपल्या वडीलधाऱ्यांनी नाव सोडले नाही.

आज पुंडलिकनगरात आपल्याला देहदंड नाही, भीड आहे. पाहुण्यांच्या भिडेखातर घरात गौरी बसवली, तर तिसरी प्रतिज्ञा मोडते. धुपाची चिमूट ती हीच. नाव कागदावर आहे. ते घरात पाळू या.