प्रिन्सिपॉल आणि पाण्याचा दावा

देहूरोडचा बुद्धविहार आपल्या भागातल्या पुष्कळांनी पाहिला आहे. तिथली मूर्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बसवली. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण ते कायद्याच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. ती आज आपण वाचू.

मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज जुने आहे, १८५५ सालचे. तिथे वकील तयार होतात. बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. १९२३ पासून मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. सुरुवातीला अशील मिळेना. अस्पृश्य वकिलाच्या हाती कागद कोण देणार? १९२८ साली ते या कॉलेजात शिकवू लागले, आणि १९३५ च्या जूनमध्ये प्रिन्सिपॉल झाले. शाळेत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळे बसवले, त्याच्या हाती आता सगळे कॉलेज आले. पण घर दुःखात होते. थोड्याच दिवसांपूर्वी, २७ मे रोजी, रमाबाई वारल्या होत्या.

आता एक नवल सांगतो. हे प्रिन्सिपॉल स्वतःच एका दाव्यात प्रतिवादी होते. प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर दावा लावला आहे तो माणूस.

दावा महाडच्या चवदार तळ्याचा. नगरपालिकेने १९२४ सालीच ते तळे सर्वांना खुले केले होते. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात गावच्या काही स्पृश्य मंडळींनी कोर्टात दावा लावला. अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचे नाही, अशी पूर्वापार रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने निकाल लागेपर्यंत मनाई केली.

रूढी आहे म्हणून भागत नाही. ती अगदी प्राचीन काळापासून चालत आली, हे सिद्ध करावे लागते. दावेदारांना ते जमले नाही. खालच्या कोर्टात ते हरले, वर गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे! जमिनीच्या भांडणात कोर्टाची पायरी चढलेल्यांना याचे नवल वाटायचे नाही.

१९३८ साली बाबासाहेबांनी कॉलेज सोडले. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत सुरू झाले. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता येई. १९५६ साली त्याच सोसायटीचे कायद्याचे कॉलेजही निघाले.