माळ लांबली, म्हणून कावीळ उतरली?

वस्तीत कुणाला कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात. आम्हीही लहानपणी घातली होती. माळ लांबते, रोगी बरा होतो आणि ‘गुण आला’ असे आपण म्हणतो. खरे तर काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. दूषित पाण्यातून आलेली कावीळही बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते.

१९६० साली मानसशास्त्रज्ञ पीटर वासन यांनी प्रयोगातून दाखवले, की माणूस आपल्या समजुतीला दुजोरा देणारेच पुरावे शोधतो. म्हणून आपण उलटे प्रश्न विचारूया : माळ न घालता किती जण बरे झाले? माळ घालूनही कोण दगावले?

गरोदर बाईच्या तर ही कावीळ जिवावर बेतू शकते. माळ लांबण्याची वाट न पाहता तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊया.