पाठांतराच्या आड

बालभारतीचा धडा दोनदा कानावर पडला की मला तोंडपाठ व्हायचा. त्यामुळे चौथीपर्यंत मी पुस्तक समोर धरून, बोट ओळीवरून फिरवत, पान अगदी वेळेवर उलटत ‘वाचत’ होतो. बाई खूश, आई खूश. प्रत्यक्षात घ-ध, भ-म यांत माझा गोंधळ उडायचा. पहिली वेलांटी तर छळच: लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर!

सातवीत इतिहास-भूगोलाचे धडे लांबले, पाठांतर पुरेना. मग ‘आळशी’ हा शिक्का बसला. तपासणी झाली ती त्यानंतर. सरकारी रुग्णालयात आधी डोळे-कान पाहिले, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. निदान: डिस्लेक्सिया.

म्हणून पालकांना सांगतो, मूल चुणचुणीत बोलतं म्हणजे त्याला वाचता येतं असं धरू नका. कधीही न ऐकलेला उतारा द्या, मधलीच एखादी ओळ वाचायला लावा. साधारण तिसरीत, आठव्या वर्षाच्या सुमाराला, अडखळणं कमी होत नसेल तर तपासून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीला तासामागे २० मिनिटं जादा, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची धावपळ दहावीच्या वर्षात नको.

निदानानंतर मला हात दिला तो ऐकून पाठ करणाऱ्या याच कानाने. विशेष शिक्षिका आधी उतारा वाचून दाखवत, मी ऐकत ऐकत ओळीखाली बोट सरकवायचो. मग त्या गप्प, मी एकटा. ‘वि-द्या-र्थी’ असे तुकडे टाळीवर पाडायचो. मी तबला शिकत होतो, त्यामुळे ते पटकन जमलं. अक्षर मोठ्याने म्हणत हवेत गिरवायचं, मग कागदावर. शेवटी अनोळखी उतारा ठरलेलाच, नाहीतर मी पुन्हा पाठ करून मोकळा झालो असतो.

घरी मात्र ‘अभ्यासात मागे आहे’ म्हणून तबल्याचा क्लास बंद करायचं घाटत होतं. आजही कितीतरी घरांत चित्रकला, क्रिकेट असंच बंद होतं. माझ्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे. क्लास चालू ठेवा, आणि मूल तिथे कसं शिकतं ते शाळेतल्या बाईंना जाऊन सांगा.