सॅटेलाइटसाठी एरोस्पेसच हवं का?

बारावीच्या निकालानंतर पालकांचा ठरलेला प्रश्न: मुलीला सॅटेलाइट बनवायचेत, मग एरोस्पेसलाच घालायचं ना? गरज नाही. त्या सीटसाठी घर गहाण टाकायची तर अजिबातच नाही.

का, ते बघा. क्यूबसॅट या छोट्या उपग्रहाचं एक युनिट म्हणजे दहा सेंटिमीटरचा घन. रॉकेटमधून सुटला की तो गरगरत राहतो. कॅमेरा जमिनीकडे वळवायला आत छोटी चाकं असतात. मोटरने चाक एकीकडे फिरवलं की उपग्रह उलटीकडे वळतो. सोबत तांब्याच्या तारेची कॉइल. तिच्यात करंट सोडला की ती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळू पाहते आणि उपग्रहालाही वळवते. चाकाचा वेग कमाल मर्यादेला टेकला, तर तो उतरवतानाही हीच कॉइल कामी येते. खरी परीक्षा बारकाव्यांत आहे. साधं ग्रीस निर्वातात उडून जातं. चाकाचा तोल किंचित ढळला तरी फोटो हलतो. नासाच्या केप्लर दुर्बिणीच्या चार चाकांपैकी दोन 2012 आणि 2013 मध्ये बंद पडली आणि मूळ मोहीम तिथेच आटोपली.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’मध्ये मोटरच टाळली. किलोभराचाही नसलेला हा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्हीने वर गेला. आत कायमचुंबक, त्यामुळे तो होकायंत्रासारखा दिशा धरणार, आणि डोलणं शमवायला खास धातूच्या कांड्या. दिशा धरायला वीज शून्य! मला विचाराल तर हे डोकं डिग्रीच्या नावापेक्षा मोलाचं.

उपग्रहाच्या कामाला मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर तिन्ही चालतात. इस्रोची इंजिनिअर भरतीही प्रामुख्याने याच शाखांतून होते. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठी वेगळ्या जागा निघतात. तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश संस्थेत बी.टेक.ला जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते. खासगी अवकाश कंपन्या वाढताहेत, पण बऱ्याचशा लहान आहेत, नोकरीची हमी कोणी देणार नाही. मात्र मोटर कंट्रोल आणि सेन्सरचं काम हातात बसलं, तर ड्रोन, रोबोटिक्स, इलेक्ट्रिक गाड्या, कुठेही उभं राहता येतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा बोर्ड राहू द्या. विद्यार्थ्यांची सॅटेलाइट टीम आहे का, सेकंड इयरची मुलं स्वतः सोल्डरिंग करतात का, ते विचारा. आणि या सुट्टीत जुन्या, बंद पडलेल्या मिक्सरची मोटर, वायर काढून, मुलीच्या हातात द्या. अर्ध्या तासात कंटाळली, तर तिला फक्त रॉकेट उडताना बघायला आवडतं. बंद का पडली ते शोधताना जेवायलाही उठली नाही, तर फॉर्म भरा.